ताटे किती आणि मुले किती : शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांस अनावृत पत्र

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांची तपासणी करणाऱ्या समस्त केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांस,



हे पत्र आपल्यापैकी कोणा एकास उद्देशून लिहिलेले नाही आणि कोणा एकाविरुद्ध यात फिर्यादही नाही. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांतून ज्यांचे आयुष्य गेले अशा शिक्षकांपैकी मी एक. शाळाभेटीस आलेल्या अधिकाऱ्यांपुढे हजेरीपट, टाचणवही आणि शेरेबुक मांडण्याचा प्रसंग माझ्यावर इतक्या वेळा आला आहे की त्या भेटीचा क्रम मला मुखोद्गत झाला आहे, आणि तो क्रमच या पत्राचे निमित्त आहे. साहेब वर्गात येतात. मुले उभी राहून एका सुरात नमस्ते म्हणतात. साहेब पहिलीतल्या एखाद्या मुलाला पुढे बोलावून ‘शंभरपर्यंत म्हणून दाखव’ असे फर्मावतात. मूल म्हणते, एकोणसत्तर किंवा एकोणऐंशीच्या आसपास जरा अडखळते, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहते आणि पार पडते. मग साहेबांची नजर भिंतीकडे वळते, तिथे ‘आमची कामे’ या मथळ्याचा एक रंगीत तक्ता असतो, आणि फळा पुसणे, वह्या वाटणे, झाडांना पाणी घालणे अशा एकेका कामापुढे एकेका मुलाच्या नावाची चिठ्ठी डकवलेली असते; त्या तक्त्याचे छायाचित्र निघते, आणि ‘संख्याज्ञान समाधानकारक, वर्गसजावट उत्तम’ असा शेरा पडून भेट संपते. मुलाने म्हटलेल्या त्या शंभर संख्यांचा आणि भिंतीवरच्या त्या कामांचा परस्परांशी काही संबंध असेल काय, हा प्रश्न अशा भेटीत कोणी विचारल्याचे मला आढळलेले नाही. माझी सारी कैफियत त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

प्रथम त्या शंभर संख्यांविषयी. साडेतीन-चार वर्षांचे मूल दहापर्यंत बिनचूक म्हणते. त्याच्यापुढे चिंचोक्यांची ओंजळ ठेवून ‘यातले मला चार दे’ असे म्हणावे, तर ते पुष्कळदा हाताला लागतील तितके चिंचोके उचलून आपल्या तळहातावर ठेवते आणि आपले काम चोख झाले अशा समाधानाने आपल्याकडे पाहते. बालवाडीच्या प्रत्येक ताईला ठाऊक असलेली ही गोष्ट अमेरिकेतील कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९९० च्या सुमारास पद्धतशीर प्रयोगांनी दाखवून दिली, आणि त्यापूर्वी १९७८ साली रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या दोघांनी मोजण्याच्या क्रियेमागे असलेली पाच तत्त्वे उलगडून सांगितली होती : एका वस्तूला एकच संख्या द्यावी, संख्यांचा क्रम ढळू नये, अखेरीस उच्चारलेली संख्या ही त्या शेवटच्या वस्तूची नसून साऱ्या समूहाची असते, मोजणे कोणत्याही वस्तूंना लागू पडते, आणि कोठूनही आरंभ केला तरी उत्तर तेच येते. महोदय, ‘शंभरपर्यंत म्हण’ या आपल्या आज्ञेने या पाचांपैकी केवळ एकाची, क्रमाच्या तत्त्वाची, परीक्षा होते. उरलेली चार तत्त्वे मुलाला कळली आहेत की नाहीत याचा थांगपत्ता न लागता त्याच्या संख्याज्ञानावर सरकारी शिक्कामोर्तब होते, आणि ज्याची परीक्षा होते तेवढेच शिकवावे हा व्यवहार शिक्षकांना समजावून सांगावा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की घोकंपट्टीचा हा वारसा पंतोजींच्या शाळेतून चालत आला आहे. पंतोजींच्या माथी मी हा दोष इतक्या सहजपणे मारणार नाही. त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि थेट साडेतिनाची औटकीसुद्धा छडीच्या धाकाने घोकून घेतली हे खरे. परंतु सकाळी औटकी घोकणाऱ्या त्या मुलाला दुपारी बापाच्या दुकानात किंवा खळ्यावर बसावे लागे, आणि चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली, अर्ध्या शेराचे मापटे आणि सोळा आण्यांचा रुपया यांच्या गुंतागुंतीत तो पाढा दिवस मावळण्यापूर्वी कामास येई. त्या पाठांतराच्या पाठीशी बाजार उभा होता. १९५७ साली नाणी दशमान झाली, पाठोपाठ वजनेमापेही बदलली, आणि मापटे व औटकी दोन्ही अस्तंगत झाली. ती गेल्याचे मला यत्किंचितही दुःख नाही, पण बाजार गेला आणि पाठांतर मात्र मागे राहिले, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असेही वाचन सुचवले गेले, तेव्हा त्यावरून उठलेला गदारोळ वर्तमानपत्रांतून विधिमंडळापर्यंत जाऊन पोचला. संख्या कशी उच्चारावी यावर त्या दिवसांत गावातल्या पारापासून मंत्रालयापर्यंत प्रत्येकाला मत होते, मात्र दुसरीतल्या मुलाने त्रेसष्ट मोजावे कशाला, त्याच्या दिवसात त्रेसष्टांची गरज कोठे पडते, हे विचारणारा मला तरी कोणी भेटला नाही.

ती गरज वर्गातच पडते, आणि भिंतीवरील ज्या तक्त्याचे आपण छायाचित्र काढता त्या तक्त्यातल्या कामांत पडते.

दुपारच्या जेवणाचे उदाहरण घेऊ, कारण याहून समृद्ध उदाहरण आपल्या शाळांत दुसरे नाही. समजा, पटावर एकतीस मुले आहेत आणि आज चार गैरहजर आहेत. ज्या मुलांकडे आज ताटे मोजण्याचे काम आहे त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सत्तावीस हा आकडा सांगायचा आहे आणि सत्तावीस ताटे पडवीत आणून ठेवायची आहेत. पहिलीतले मूल हे काम एकास एक या न्यायाने करते. ते प्रत्येकापुढे जाऊन एकेक ताट ठेवते, आणि संख्या त्याच्या तोंडी असो वा नसो, समूहाशी समूह जुळवण्याची जी क्रिया साऱ्या मोजणीच्या मुळाशी आहे ती त्याच्या पायांनी आणि हातांनी घडते. दुसरीतले मूल दहा-दहा ताटांच्या दोन थप्प्या रचते आणि सात सुटी ताटे बाजूला ठेवते. काड्यांच्या गठ्ठ्यांनी जे दशक आपण त्याला महिनाभर शिकवतो ते त्याला इथे थप्पीच्या उंचीत दिसते. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य हे शासनाचे प्रमाण आहे. तेव्हा तिसरीतल्या मुलीला सत्तावीस मुलांचा तांदूळ २,७०० ग्रॅम, म्हणजे २ किलो ७०० ग्रॅम, हे काट्यावर तोलून पाहता येते. आणि चौथीतल्यांना याहून अवघड प्रश्न घालता येतो : रोज सत्तावीसच मुले आली तर ५० किलोचे पोते किती दिवस पुरेल? ते अठरा दिवस पुरते आणि १ किलो ४०० ग्रॅम तांदूळ उरतो. मग त्या उरलेल्या तांदळात एकोणिसाव्या दिवशी किती मुले जेवतील आणि किती उपाशी राहतील, हा पुढचा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात, कारण बाकी या शब्दाला तेव्हा पोट असते. चार इयत्ता दोन खोल्यांत बसवून शिकवण्याच्या ज्या अडचणीबद्दल आम्ही सदोदित रडगाणे गातो, ती अडचण या एका कामापुरती सोयीची होऊन बसते. कारण एकाच पडवीत, एकाच अर्ध्या तासात, चारही इयत्तांना आपापल्या वकुबाचे गणित मिळते.

आणि चूक झाली तर? कागदावरची बेरीज चुकली की लाल शाईची फुली येते, आणि ती का आली हे मुलाच्या ध्यानात येईपर्यंत पान उलटलेले असते. ताटांची मोजणी चुकली तर एक वर्गमित्र रिकाम्या हाताने उभा राहतो. ती चूक दाखवण्यास शिक्षक लागत नाही आणि ती सुधारण्यास आठवडा लागत नाही. १९०७ साली रोममधील कामकरी वस्तीत मारिया मॉंटेसोरी यांनी आपले बालगृह उघडले, तेव्हा त्यांच्या साऱ्या साधनांमागे हेच सूत्र होते की चुकीचे दिग्दर्शन वस्तूनेच करावे, मोठ्या माणसाने नव्हे. आणि ओतणे, पुसणे, वाढणे, मांडणे ही घरकामे त्यांनी बालशिक्षणाच्या दारातच ठेवली होती. हे सूत्र आपल्या भूमीत रुजवण्यासाठी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला; पुढे १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी महागड्या विलायती साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे आणले, आणि बालवाडी शाळेच्या इमारतीतून उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही आज देशभर सरकारी योजनेच्या नावात वावरणारी कल्पना त्या अंगणातली आहे. तेव्हा मी जे सांगते आहे ते नवे नाही, परदेशी तर नाहीच. ते आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, आजच्या पालघरात, कधीच होऊन गेले आहे.

जाता जाता एक गोष्ट बोलून टाकते, तिचा राग मानू नये. ज्या शाळेत मुले रोज ताटे मोजतात आणि धान्य तोलतात, त्या शाळेत धान्याच्या नोंदवहीतला हिशेब वाकडा करणे फार अवघड जाते. हजेरीपट आणि साठा यांची रुजुवात पाहण्यात आपला जो वेळ जातो, त्यातला बराचसा तिसरी-चौथीची मुले वाचवू शकतील.

इतर कामांची गणिते इतकी भरघोस नाहीत, पण टाकाऊही नाहीत. तिसऱ्या तासाला तीन टोल देणाऱ्या मुलाला टोल देता देता मोजावे लागते आणि ठरल्या संख्येवर हात थांबवावा लागतो. शंभरपर्यंत म्हणणाऱ्यास थांबण्याचे हे कसब शिकवलेलेच नसते. सकाळी वाटलेल्या कात्र्या संध्याकाळी परत घेताना वजाबाकीला अर्थ येतो. चपला रांगेत लावण्याचे काम तर दोनाच्या पाढ्याचे माहेरघर आहे, आणि एखादी एकटी चप्पल उरली की विषम संख्या म्हणजे काय ते पुस्तकाच्या आधी कळते. मात्र या कामात एक नाजूक जागा आहे, ती शिक्षकाने जपली पाहिजे : हजर मुले अठ्ठावीस आणि चपलांचे जोड पंचवीस, असा आकडा कधी कधी येतो. मुले तो मोठ्याने सांगतात, कारण त्यांना बरोबर मोजल्याचा आनंद झालेला असतो. शिक्षकाने तो ऐकून घ्यावा, फळ्यावर लिहू नये, आणि ती तीन मुले कोण हे वर्गाला न कळू देता आपल्या वहीत टिपून ठेवावे. अनवाणी येणाऱ्या मुलांची ही माहिती आपल्या कोणत्याही प्रपत्रात मागितलेली नसते.

आता माझी दुसरी तक्रार, आणि ती पहिलीहून गंभीर आहे. तक्त्यावरची नावे बदलत नाहीत.

वर्गातली कामे मुलांकडून करवून घेण्याची वहिवाट जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्याच देशात आहे. मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या लष्करी शाळेचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी मलबारातल्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकवून घेण्याची पद्धत आपल्या शाळेत राबवली, आणि १७९७ साली लंडनमध्ये तिचा वृत्तांत छापला; जोसेफ लँकेस्टर यांनी त्याच सुमारास तिथे अशाच पद्धतीचा कारखाना उभारला, आणि एका मास्तराच्या पगारात शेकडो मुले शिकू लागली. आपल्या वर्गातला मॉनिटर हा त्या काटकसरीचा वंशज होय. उगम काटकसरीत असल्यामुळे असेल, परंतु या व्यवस्थेत काम हे पद होऊन बसते. ज्याला मिळाले त्याचेच ते राहते. हल्ली शाळोशाळी निवडणूक घेऊन मंत्रिमंडळे स्थापन होतात; मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री अशी नामावळी भिंतीवर झळकते, शपथविधीचे छायाचित्र वरिष्ठांकडे जाते, आणि मंत्रिमहोदय वर्षभर आज्ञा करतात. झाडू मात्र मंत्र्याच्या हाती दिसत नाही. तो कोणाच्या हाती असतो हे आपणांस मजपेक्षा कमी ठाऊक नसावे.

एका शाळेतला प्रसंग सांगते. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथल्या बाईंनी मुलांना ताळ्याच्या खुणा शिकवताना नेहमीची फळांची आणि वाहनांची चित्रे सोडून दिली, आणि महिनाभर प्रत्येक मुलाने जे काम केले त्याच्या रकान्यात त्याच्या नावापुढे एकेक रेघ ओढायला सांगितली. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. महिनाअखेर खुणा मोजल्या, तेव्हा झाडूच्या रकान्यात मुलींच्या नावांपुढे पाच-पाचांचे गठ्ठे उभे होते आणि मुलग्यांपुढे तुरळक काड्या. घंटेच्या रकान्यात चित्र नेमके उलटे. बाईंनी कोणाला उपदेश केला नाही. दुसरीतली एक मुलगी फळ्याजवळ जाऊन बोट फिरवत म्हणाली, ‘बाई, घंटेत माझी एकसुद्धा रेघ नाही.’ मग पुढच्या महिन्यात पाळी कशी लावायची याचे गणित मुलांनीच मांडले : कामे सहा, मुले चोवीस, तर एका कामाला चौघे, आठवड्यागणिक गट एक काम पुढे सरकला की सहा आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक काम येते. भागाकार हा समान वाटणीचा असतो हे पुस्तकात छापलेले आहे. त्या वर्गात मुलांनी तो आपल्या हक्काच्या वाटणीसाठी केला, आणि मुलग्यांपैकी दोघांनी झाडूची पाळी टाळण्याकरिता आपल्या नावापुढे खोटी रेघ ओढली तेव्हा बेरीज जुळेना, म्हणून तीही उघडकीस आली.

शाळेतल्या कामाच्या वाटपामागे आपल्या समाजात किती मोठा इतिहास उभा आहे, तो आपण विसरू नये. साताऱ्याच्या शाळेत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, आणि नळाला हात लावण्याची मुभा नसल्यामुळे शिपायाने तोटी उघडली तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहान. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या शाळेतही वर्गकामे वाटलेली होती, पाणी देण्याचे काम कोणाचे आणि न देण्याचा अधिकार कोणाचा हे ठरलेले होते. आज तसा नियम कोठे लिहिलेला नाही. परंतु लिहिलेले नसले म्हणजे नसते असे समजण्याइतके आपण भोळे नाही. माठातले पाणी कोण भरतो, प्रसादाचे ताट कोण फिरवतो आणि मैदानातला केर कोण उचलतो हे पाहण्यास कोणत्याही गावात सकाळचा एक तास पुरतो. काय चालले आहे ते नुसते बोलून दाखवले तर गावकऱ्यांची इतराजी होते. खुणा मोजून दाखवल्या तर वाद घालण्यास जागा उरत नाही. संख्येचा हा उपयोग सहा वर्षांच्या मुलाला कळतो. ‘त्याला दोनदा मिळाले, मला एकदाच’ हे वाक्य शिकवावे लागत नाही, त्यामागचे अंकगणित तेवढे शिकवावे लागते.

आता आपणांकडे मागणे मागते.

पहिले मागणे प्रश्नाचे आहे. शंभरपर्यंत म्हणून घेण्याचा शिरस्ता आपण सोडून द्यावा असा माझा आग्रह नाही, मुलांना तो आवडतोही. पण त्यानंतर एकदा तरी मुलाला विचारावे की आज ताटे किती लागतील, आणि ती आणून दाखव. तक्त्याचे छायाचित्र काढण्यापूर्वी कोणाही एका मुलीला विचारावे की या महिन्यात तुझ्याकडे कोणकोणती कामे आली आणि किती वेळा. तिने सांगितले तर तक्ता जिवंत आहे. ती गप्प राहिली तर कार्डशीट आणि चमकी यांवर झालेल्या खर्चाचा विचार करावा.

दुसरे मागणे साहित्यपेटीचे आहे. शासन गणिताच्या पेट्या पाठवते, त्यांत मणी, ठोकळे, घड्याळे, खोट्या नोटा असे पुष्कळ चांगले सामान असते, आणि ते जडसंग्रह नोंदवहीत चढवले जाते. एकदा तिथे चढले की हरवलेल्या प्रत्येक मण्याचा खुलासा शिक्षकाला द्यावा लागेल या भयाने पेटीला कुलूप लागते, आणि भेटीच्या दिवशी ती नवीकोरी निघते; तिचे नवेपण हा आमच्या निगेचा पुरावा ठरतो. मुलांच्या हातून वस्तू झिजतात, हरवतात, घरी जातात. वर्षाअखेर इतक्या वस्तू वापरात नष्ट झाल्या असे लिहून मोकळे होण्याची तजवीज आपण करून द्यावी. आणि तोवर चिंचोके, खडे, बाटल्यांची बुचे यांनी शिकवणाऱ्या शिक्षकाच्या शेरेबुकात ‘साहित्याचा वापर आढळला नाही’ असे लिहू नये.

तिसऱ्या मागण्याला मला थोडे अधिक बोलावे लागेल. ‘शाळेत पोरांना कामाला लावतात’ अशी तक्रार एखाद्या पालकाने केली की चौकशी लागते, आणि चौकशीच्या धास्तीने पुष्कळ शिक्षकांनी मुलांच्या हाती फडकेसुद्धा देणे बंद केले आहे. पालकांची शंका मी अनाठायी मानत नाही. शौचालय मुलांकडून धुऊन घेणे, पाण्याचे जड हंडे वाहवून आणणे, चुलीजवळ पाठवणे, गुरुजींची मोटारसायकल पुसून घेणे, आणि शिक्षा म्हणून झाडू देणे, हे प्रकार घडलेले आहेत, आणि त्यांना कोणतीही शैक्षणिक मखलाशी लावून ते क्षम्य होत नाहीत. परंतु त्या भयापोटी स्वतःच्या बसण्याची जागा झाडण्याचा, स्वतःच्या झाडाला पाणी घालण्याचा आणि स्वतःच्या पंगतीत वाढण्याचा मुलांचा अधिकार काढून घेणे हाही अन्यायच. १९३७ च्या वर्धा परिषदेतून जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली ती काम आणि ज्ञान यांची सांगड घालण्यासाठीच होती; पुढे कित्येक शाळांत टकळी तेवढी उरली आणि ज्ञान निसटले, हे त्या योजनेचे दुर्दैव, तिच्या मूळ विचाराचा दोष नव्हे. तेव्हा मुलांनी पाळीपाळीने, स्वखुशीने आणि सर्वांनी सारखी करावयाची कामे कोणती, आणि कोणत्याही सबबीवर मुलांस सांगू नयेत अशी कोणती, हे आपण एकदा लेखी स्पष्ट करावे. म्हणजे पालकांस दिलासा मिळेल आणि शिक्षकास आधार.

निपुण भारत या अभियानाचा उल्लेख न करता हे पत्र पुरे होणार नाही, कारण आपल्या आजच्या भेटी बहुधा त्याच कारणाने होतात. २०२१ च्या जुलैत ते सुरू झाले, आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला अर्थ कळून वाचता यावे व पायाभूत गणित यावे असे त्याचे लक्ष्य आहे. या लक्ष्याशी भांडण करणारा शिक्षक मला दाखवावा. भांडण आहे ते त्यासाठी भरावयाच्या माहितीशी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या शाळेत शिक्षक दोन. त्यांपैकी एक प्रशिक्षणास किंवा निवडणुकीच्या कामास गेला की चार इयत्ता एकट्याच्या गळ्यात पडतात, आणि त्याच दिवशी मुलांच्या प्रगतीचे तक्ते सायंकाळपर्यंत भ्रमणध्वनीवरून पाठवण्याचे फर्मान येते. मुले मोजायला शिकली की नाही हे मोजण्यात मुलांना मोजायला शिकवण्याचा वेळ खर्ची पडतो, याहून चमत्कारिक जमाखर्च मी पाहिलेला नाही.

येथे मला एक भीती वाटते, ती निःसंकोचपणे सांगते. या पत्रातले एखादे वाक्य आपणांपैकी कोणा सहृदय अधिकाऱ्यास पटेल, आणि पुढल्या महिन्यात ‘कार्यातून गणन’ असे काहीसे नाव घेऊन एक परिपत्रक निघेल. त्याला नमुना अ, नमुना ब आणि विहित प्रपत्र जोडलेले असेल. प्रत्येक शाळेने ताटे मोजणाऱ्या मुलांची छायाचित्रे दर शनिवारी पाठवावीत असा आदेश येईल, आणि मुले छायाचित्रापुरती ताटे धरून उभी राहतील. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठी एक वर्ग मागतो, आणि मनातल्या शंका बाजूला ठेवून तो अधिकारी त्याला वर्ग देतो. त्या अधिकाऱ्याचे मोठेपण मला नेहमी त्या शिक्षकाच्या बरोबरीचे वाटत आले आहे. मीही याहून अधिक काही मागत नाही. योजना करू नका. ज्या शिक्षकाला असे करून पाहावेसे वाटते त्याच्या वर्गात जाऊन बसा, आणि त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या.

शेवटची विनंती किरकोळ आहे. आपल्या भेटी बहुधा मधल्या सुटीनंतर होतात. तोवर जेवणे उरकलेली असतात, ताटे घासून पालथी पडलेली असतात, आणि मुले पेंगुळलेली असतात. एखाद्या दिवशी परिपाठापूर्वी यावे. हजेरी झाल्यापासून ताटांचा आकडा मावशींकडे पोचेपर्यंत जो गलबला होतो त्यात ‘नमस्ते’ म्हणायला कोणी उभे राहिले नाही तर त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवते. आणि त्या दिवशी आपण आमच्यात जेवणार असाल, तर तेही मुलांना सकाळीच सांगावे, म्हणजे ती एक ताट जास्त मोजतील.



आपली विनीत,
एक प्राथमिक शिक्षिका